वाजवी घरगुती वापर

ठाणे, ६ ऑक्टोबर २०२५

सौ. अंजली धम्मरत्न गायसमुद्रे यांस,
स. न. वि. वि.

पुनावळ्याच्या माझ्या घरात आपण राहायला येऊन चार महिने झाले. भाडं दर महिन्याच्या तीन तारखेला येतं, त्याबद्दल तक्रार नाही. हे पत्र विजेबद्दल आहे.

पत्र का, फोन का नाही, असं आपल्या मनात येईल. करारातलं कलम नऊ पाहावं. घरासंबंधी जे सांगायचं ते लेखी सांगायचं. पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं कॉस्टिंग खात्यात काढल्यावर मी एवढं शिकलो, की तोंडी बोललेलं ज्याला त्याला आपापल्या सोयीने आठवतं. शिवाय मला फोनवर नीट ऐकू येत नाही.

गच्चीवरच्या सोलर पॅनेलमुळे घराला बिल जवळजवळ येत नाही, म्हणून वीज भाड्यातच धरली आहे. करारातले शब्द ‘वाजवी घरगुती वापर’ असे आहेत. मी आता मुलीकडे, ऋताकडे, चौदाव्या मजल्यावर राहत असलो तरी पुनावळ्याचं घर किती वीज तयार करतं आणि किती खातं हे मला इथे मोबाइलवर दिसतं. दर पाच मिनिटांनी.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सात चाळीस ते नऊ दहा या वेळात घराने साडेतीन युनिटं खाल्ली. माझ्या अंदाजाने धुण्याचं मशीन, इस्त्री आणि मिक्सर. नवीन मीटर लागल्यापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त धरतात, आणि आपलं ऊनही त्याच वेळात असतं. संध्याकाळी सातला मशीन लावणं म्हणजे दारच्या विहिरीला पाणी असताना टँकर मागवण्यासारखं आहे.

सोबत वेळापत्रक जोडलं आहे. धुणं साडेदहा, मिक्सर अकरा, पाण्याची मोटार बारा, इस्त्री दोन. ते स्वयंपाकघरात लावावं.

आपला,
गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, १२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय वाकणकर काका,
सविनय नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमनने दोनदा नाव विचारून खात्री करून घेतली. म्हणाला, या गल्लीत बँकेच्या नोटिशीशिवाय काही येत नाही.

तुमचा अंदाज बरोबर आहे, फक्त मिक्सर नव्हता. सासूबाईंसाठी वाफारा घेण्याचं यंत्र होतं.

वेळापत्रक लावलं आहे. पण या घरात आणखी एक नऊ ते पाच आहे. माझे मिस्टर महाळुंग्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत आणि सध्या त्यांना कायम रात्रपाळी आहे. ते सकाळी साडेआठला येतात, नऊला झोपतात, चारला उठतात. धुण्याचं मशीन त्यांच्या उशीपासून सहा फुटांवर, भिंतीपलीकडे. म्हणजे वीज स्वस्त होते आणि नवरा झोपतो, दोन्ही एकाच मुहूर्तावर. मी स्वतः चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे, सकाळी सातची बस पकडते आणि पाचला घरी येते. सासूबाई सोजरबाई दिवसभर घरी असतात, पण मशीनला हात लावत नाहीत. त्याचा पुढचा गोल डोळा त्यांना पटत नाही.

तरी रविवारचं धुणं साडेदहालाच लावीन.

आपली,
अंजली


ठाणे, २७ ऑक्टोबर २०२५

सौ. अंजलीताई यांस,
स. न. वि. वि.

रविवारचा आलेख पाहिला. दहा बत्तीसला मशीन सुरू झालं. दोन मिनिटं सोडून देऊ.

आणखी एक गोष्ट कौतुकाची. दिवाळीचे चारही दिवस आपल्याकडचा संध्याकाळचा भार रोजच्यापेक्षा तिळभरही वाढला नाही. आजूबाजूच्या घरांवर माळा लखलखत असताना असा संयम पाळणं सोपं नाही. मी ऋताला आणि नातवाला मुद्दाम आलेख दाखवला. दसऱ्याच्या दिवशी मात्र अकरा युनिटं गेली होती. पहिल्या पत्रात सौजन्य म्हणून तो उल्लेख टाळला होता.

आता एक खटकणारी बाब. सगळे झोपलेले असताना, आपला फ्रीज आणि इंटरनेटचा डबा वगळूनही, सुमारे साठ-सत्तर वॅटचा भार सतत चालू दिसतो. हे कसलं? एखादा दिवा, चार्जर, देव्हाऱ्यातला बल्ब? थेंबाथेंबाने हौद रिकामा होतो. शोध घ्यावा.

गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, ३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

दिवाळीच्या संयमाचं श्रेय आम्हाला नको. आम्ही बौद्ध आहोत, दिवाळी करत नाही. आमचा मोठा दिवस दसऱ्याला होता. त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये सव्वीस माणसं जेवली. ती अकरा युनिटं म्हणजे आमची दिवाळी समजा आणि नातवाला तोही आलेख दाखवा.

साठ-सत्तर वॅटचा शोध घेतला. काल रविवारी दुपारी मिस्टरांनी खालचं सगळं बंद केलं. आधी दिवे, मग फ्रीज, मग खालच्या मजल्याचा मेन स्विच. सासूबाई म्हणाल्या, एवढं चांगलं घर मिळालं आणि तुम्ही अंधार करून बसा. तरीही मीटर मोजतच होतं. मिस्टरांनी वायर कुठे जाते ते पाहिलं. ती जिन्यावरून वरच्या खोलीत जाते. तुमचं कुलूप असलेल्या.

दार बंद असताना भिंतीला कान लावला तर बारीक घुर्र असा आवाज येतो. आम्ही हात लावलेला नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

मिस्टरांना आता पहिली पाळी मिळाली आहे, त्यामुळे दुपारी घर जागं असतं.

आपली,
अंजली


ठाणे, २९ नोव्हेंबर २०२५

सौ. अंजलीताई यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. सर्दी होती.

सणांसंबंधीचा खुलासा वाचला. वरच्या खोलीत माझं एक उपकरण आहे. ते बंद करू नये. त्याविषयी पत्रव्यवहाराची आवश्यकता नाही. तो भार यापुढे मी आपल्या हिशेबात धरणार नाही.

बाकी, गेल्या दोन आठवड्यांचा आलेख पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेचार, पाच ते सहा युनिटं! संध्याकाळी जवळजवळ काही नाही! ऊन चढतं तसा वापर चढतो, ऊन उतरतं तसा उतरतो. मी असा आलेख फक्त पुस्तकात पाहिला होता. आपण स्वयंपाकही विजेच्या शेगडीवर सुरू केलेला दिसतो. पाळी बदलताच एवढी शिस्त! याला म्हणतात घरच्या उन्हाचं सोनं करणं.

गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, ८ डिसेंबर २०२५

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, हे मास्तर होते का?

हो, हल्ली दिवसा पुष्कळ काम करून घेते. मीही आता दुपारी घरी असते. नऊ ते पाचचं वेळापत्रक अजून भिंतीवर आहे आणि घरातले सगळे त्याप्रमाणेच चालतात.

पॅनेल गेल्या रविवारी पुसले. कबुतरांनी बरीच घाण केली होती.

आपली,
अंजली


ठाणे, ३० डिसेंबर २०२५

सौ. अंजलीताई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पॅनेल पुसल्यावर दिवसाचं उत्पादन पाऊण युनिटाने वाढलं. कबुतरांची नोंद घेतली.

काल आमच्या सोसायटीच्या सभेत वीजबचतीवर बोलायला मला उभं केलं. मी आपला नोव्हेंबर-डिसेंबरचा आलेख पडद्यावर दाखवला. नाव सांगितलं नाही, ‘पुनावळे येथील एक आदर्श कुटुंब’ एवढंच म्हणालो. एका बाईंनी विचारलं, हे लोक दुपारी नेमकं करतात तरी काय? मी म्हणालो, नियोजन.

एप्रिलअखेर आपला अकरा महिन्यांचा करार संपतो. पुढचा करार भाडं न वाढवता करायला मी तयार आहे. असं मी पूर्वी कुणाला लिहिलेलं नाही.

आपला,
गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, ११ फेब्रुवारी २०२६

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

तुम्हाला मोबाइलवर दिसलंच असेल. रविवारी सकाळी कोपऱ्यावरचा डीपी जळाला आणि सोमवारी दुपारपर्यंत, एकूण एकतीस तास, गल्लीत वीज नव्हती. गच्चीवर रखरखीत ऊन आणि खाली पंखा बंद. सासूबाई विचारत राहिल्या, आपली वीज तर आपल्याच डोक्यावर तयार होते ना? मिस्टरांनी समजावलं की बाहेरची लाइन गेली की पॅनेलही आपोआप बंद पडतात, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. त्यांना ते पटलं नाही. म्हणाल्या, मग ऊन आपलं कसलं, ते पण भाड्याचंच.

मी लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. तुम्ही लिहिलं होतं की वरचं उपकरण बंद करायचं नाही. एकतीस तास ते बंद होतं. मिस्टर म्हणाले, फ्रीज असणार, आत काही असलं तर नासेल, कुलूप तोडू का? मी नको म्हटलं. ते बरोबर केलं की चूक, हे दोन दिवस डोक्यात आहे. वीज आल्यावर घुर्र आवाज पुन्हा सुरू झाला.

आपली,
अंजली


ठाणे, १६ फेब्रुवारी २०२६

अंजलीताई,
सप्रेम नमस्कार.

कुलूप तोडलं नाहीत हे बरोबर केलंत.

आत फ्रीजच आहे, लहान, जुना. माझी पत्नी अरुंधती हिला अठरा वर्षं मधुमेह होता. शेवटी जिना चढउतार होईना, म्हणून वरच्या खोलीतच तो घेतला. इन्सुलिन, दही, आणि माझ्यापासून लपवलेला आइसक्रीमचा एक डबा. ती गेली तेव्हा इन्सुलिनची सहा पेनं शिल्लक होती. पहिल्या आठवड्यात ती टाकून द्यायला मी वर गेलो. दार उघडलं, आतला दिवा लागला आणि मी दार लावून खाली आलो. त्यानंतर उघडलेलं नाही.

लोकांना मी सांगतो की सोलर बिल वाचवायला बसवलं. ती गेल्यावर चार महिन्यांनी बसवलं. रिकाम्या घरात फ्रीज चालू ठेवतो म्हणून ऋता माझ्याशी भांडायची. मग मी तिला सांगू लागलो की आता तो फुकट चालतो. त्याचा भार मी मोजायचाच सोडला होता, म्हणून ऑक्टोबरात त्याचा शोध तुम्हालाच घ्यायला सांगितला.

पेनांची मुदत चोवीस सालच्या एप्रिलमध्येच संपली. तेव्हा एकतीस तासांत नासण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही काळजी करू नये.

गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, २२ फेब्रुवारी २०२६

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. माझ्यापाशीच ठेवलं आहे.

तुम्ही एवढं खरं लिहिल्यावर तुमच्याकडून ‘आदर्श कुटुंब’ म्हणवून घ्यायची मला लाज वाटते. म्हणून लिहिते.

आम्ही विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करत नाही. आठ नोव्हेंबरला चाकणच्या कंपनीच्या गेटवर आम्हा चौदा बायकांना सांगितलं, कंत्राट संपलं, सोमवारपासून येऊ नका. सात वर्षांत माझा एकही पीस परत आला नव्हता. घरी बसून रडण्यात एक आठवडा गेला. मग मिस्टरांच्या ओळखीने महाळुंग्यातल्या एका पुरवठादाराकडून कापडी हातमोजे शिवायचं काम मिळालं, कामगार घालतात ते. बंद पडलेल्या कारखान्यातली तीन शिलाई मशीनं आम्ही आणली आणि तुमच्या हॉलमध्ये बसवली. मी, गल्लीतली रश्मी आणि सरूबाई, अशा तिघी दहा ते साडेचार बसतो. मिस्टर पाचला येऊन जोड्या बांधतात, सासूबाई मोजतात. दिवसाच का, तर दिवसाच उजेड असतो आणि रश्मीची मुलं शाळेत असतात. तुमच्या वेळापत्रकाशी ते जुळलं हा योगायोग.

डिसेंबरमध्ये तुम्ही कौतुक केलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. कौतुक ऐकून गप्प बसले. या विजेचे पैसे वेगळे द्यायची आमची तयारी आहे.

आपली,
अंजली


ठाणे, २ मार्च २०२६

सौ. अंजली गायसमुद्रे यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून धक्का बसला. घरगुती जोडणीवर धंदा करणं बेकायदा आहे. पाहणी झाली तर दंड माझ्या नावावर येईल. करारातले ‘वाजवी घरगुती वापर’ हे शब्द मी स्वतः निवडले होते. तीन शिलाई मशीनं त्यात बसत नाहीत.

चाळीस लोकांसमोर मी ज्या आलेखाला नियोजन म्हणालो, ते हातमोजे होते.

करार ३० एप्रिलला संपेल. तो पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव मागे घेत आहे. त्या तारखेस घर मोकळं करून द्यावं. मागील पत्रात मी काही वैयक्तिक मजकूर लिहिला होता, त्याचा या विषयाशी संबंध जोडू नये.

गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, ९ मार्च २०२६

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

संबंध जोडणार नाही. घर ३० एप्रिलला मोकळं मिळेल, झाडून-पुसून.

मशीनं मी त्याच दिवशी बंद करायला निघाले होते, पण पंधराशे जोड्या द्यायच्या बाकी आहेत. त्या या महिन्यात संपवते. रश्मी आणि सरूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

घरं बघणं चालू आहे. माण गावात दोन पाहिली, पुनावळ्यातच तीन. फोनवर सगळी रिकामी असतात. मग आडनाव विचारतात. पुढचा फोन आपण केला की ती गेलेली असतात. तुम्ही आडनाव ऐकून फक्त पगाराची चिठ्ठी मागितली होती. ते मिस्टर अजून सांगतात.

आपली,
अंजली


ठाणे, २६ मार्च २०२६

अंजलीताई,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी, चोवीस तारखेला, मी पुनावळ्याला येऊन गेलो. ऋताला बँकेत जातो म्हणून सांगितलं आणि बस धरली. तुम्ही माल पोचवायला महाळुंग्याला गेला होता. सोजरबाईंनी सांगितलंच असेल, पण त्या सांगतील तसं नको, झालं तसं लिहितो.

मी पाहणी करायच्या हिशेबानेच आलो होतो. दार उघडं होतं. रश्मी आणि सरूबाई मशीनवर, सोजरबाई खाली चटईवर हातमोज्यांच्या राशीत बसलेल्या. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “मशिनीचं माणूस का तुमी? बसा की. त्या कडंच्या मशिनीचा पट्टा सटकतोय बगा.”

मी कोण ते सांगायला हवं होतं. मी बसलो. पट्टा पाहिला. कारखान्यात पस्तीस वर्षं किमती लावल्या, पट्टा कधी लावला नव्हता. रश्मीने दाखवलं तसा ओढून धरला, तिने बसवला. सोजरबाईंनी चहा दिला. मी विचारलं, घर कसं आहे?

“घर लै ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “मालकच तेवढं इपरित. त्ये म्हातारं तकडं ठान्याला बसून हितला पंखा मोजतंय म्हनं. आता जा म्हनतंय. आमच्या सुनंनं खरं लिवलं म्हनून जा म्हनतंय. खोटं लिवली असती तर ऱ्हावा म्हनलं असतं.”

मी कप खाली ठेवला. म्हणालो, “मीच तो म्हातारा.”

रश्मीचं मशीन थांबलं. सोजरबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, “मंग जेवून आलाव का न्हाई?”

जेवलो. भाकरी आणि पेंडपाला नावाचं त्यांच्याकडचं कालवण. जेवल्यावर त्या माझ्यामागे जिना चढून आल्या. मी येऊ नका म्हणालो नाही. कुलूप उघडलं. फ्रीज उघडला. आतला दिवा लागला. मी तसाच उभा राहिलो. मला वाटतं बराच वेळ. सोजरबाईंनी कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढली, तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं आणि म्हणाल्या, “टाका.”

सहा पेनं टाकली. दह्याचं भांडं टाकलं. आइसक्रीमचा डबा उघडून पाहिला, त्यात एक चमचाही उरलेला नव्हता, घासून ठेवलेला रिकामा डबा होता. तो मी इकडे घेऊन आलो. फ्रीजचं बटण मीच बंद केलं.

परतताना बसमध्ये विचार केला. मी नोटीस मागे घेतो. वरची खोली हवेशीर आहे, मशीनं तिथे हलवा. धंद्याची वेगळी जोडणी घेण्याचा अर्ज मी करतो, कायद्यात बसेल तसं करू. वापर मी यापुढे दिवसातून एकदाच पाहीन.

आपला,
गुरुदत्त वाकणकर


पुनावळे, २ एप्रिल २०२६

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

सासूबाईंनी सांगितलं होतं, पण त्यांच्या सांगण्यात पट्टा त्यांनीच बसवला होता आणि तुम्ही तीन भाकरी खाल्ल्या होत्या. त्या तुम्हाला ‘ते फ्रीजवालं म्हातारं’ म्हणतात. ‘इपरित’ आता म्हणत नाहीत.

तुमचं पत्र शनिवारी आलं. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही महाळुंग्यात अनामत भरली. पुरवठादाराच्याच ओळखीचा एक गाळा आहे, खाली मशीनं लावायला जागा, वर दोन खोल्या. आडनाव विचारलं नाही, दिवसाला किती जोड्या निघतात ते विचारलं. पत्र एक दिवस आधी आलं असतं तर काय केलं असतं, याचा आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. मिस्टर म्हणाले, तरी गेलोच असतो. मला तसं खात्रीने सांगता येत नाही.

तिथे सोलर नाही. धंद्याचा दर आहे, महाग आहे. नऊ ते पाच जरा कमी पडतो, तेवढंच. पण मीटर आमच्या नावावर घेतलं आहे. विजेच्या बिलावर आमचं आडनाव आजवर कधी छापलं गेलं नव्हतं. मिस्टरांनी भरलेल्या अर्जाचाच फोटो काढून ठेवला.

रश्मी बसने येणार आहे. सरूबाईंना जमणार नाही, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी एक मशीन त्यांच्याच घरी ठेवते आहे.

३० तारखेला किल्ली शेजारी देते. एवढ्या चांगल्या घराबद्दल आभार.

आपली,
अंजली


ठाणे, १७ मे २०२६

अंजलीताई,
सप्रेम नमस्कार.

किल्ली मिळाली. ऋता जाऊन घर पाहून आली. म्हणाली, एवढं स्वच्छ घर तिने तिच्या आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. हॉलच्या फरशीवर तीन मशीनांच्या पायांच्या खुणा आहेत. त्या घासून काढू का, असं तिने विचारलं. मी राहू दे म्हणालो.

घर अजून कुणाला दिलेलं नाही. दोघे-तिघे येऊन गेले. त्यांना वीज फुकट आहे एवढंच विचारायचं असतं.

इथल्या सोसायटीने पुन्हा बोलायला बोलावलं आहे, या वेळी विषय ‘बचतीचा कळस’ असा ठेवला आहे. सेक्रेटरींना मी सहज मोबाइल दाखवला आणि त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. आकडे खरोखरच तसे आहेत. वैशाखातलं ऊन, आभाळ स्वच्छ, त्यामुळे दिवसाला साडेतेरा युनिटं तयार होतात आणि सगळी बाहेर जातात. संध्याकाळचा भार नाही. रात्रीचा भारही नाही. पॅनेल बसवल्यापासून जे साधावं म्हणून मी धडपडत होतो ते या महिन्यात साधलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला.

तुमच्याकडे नवीन मीटर चालू झालं का? पहिलं बिल आलं असेल. किती आलं ते विचारत नाही. मशीनं चार झाली का, आणि सोजरबाईंना गाळ्यात ऊन फार लागत नाही ना, एवढं कळवलंत तर बरं वाटेल.

आता दुपारचा एक वाजला आहे. मी पाहिलं. उत्पादन दोन पूर्णांक चार किलोवॅट. वापर शून्य.

आपला,
गुरुदत्त वाकणकर